लेंटचे चाळीस दिवस पहिल्यांदाच पाळताना

राखेच्या बुधवारी लेंट सुरू होतो. त्याच्या आधीच्या रविवारी वर्ग सुटला की कुणी ना कुणी मागे रेंगाळतं. पिशवीचा बंद हातात घोळवत विचारतं, ‘टीचर, यंदा मी काय सोडू?’ वसईतल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये, मी मोठ्यांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. त्यात लग्न होऊन आमच्या घरांत आलेल्या मुली असतात, बाप्तिस्म्याची तयारी करणारे असतात, आणि पहिल्या कम्युनियननंतर वीस-वीस वर्षं चर्चची पायरी न चढलेलेही असतात. प्रश्न मात्र सगळ्यांचा हाच. मी त्यांना उलट विचारते, ‘जे सोडशील ते कुणाला देशील?’

चहा सोडला तर त्या चहाचे पैसे वाचतात, टपरीवरची दहा मिनिटं वाचतात. ते पैसे खिशातच राहिले आणि ती दहा मिनिटं मोबाइलमध्ये गेली, तर चाळीस दिवसांनी हाती काय लागलं? म्हणून हे उत्तर ठरल्याशिवाय काही सोडू नका. पुढचं सगळं मी या एका गोष्टीला धरूनच सांगते आहे.

आधी तारखा बघा

लेंट म्हणजे ईस्टरच्या, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचा तयारीचा काळ. त्याला आमच्याकडे प्रायश्चित्तकाळ म्हणतात, कुणी उपवासकाळ म्हणतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपास नसतो. उरले चाळीस. बाप्तिस्मा झाल्यावर येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला, त्याची ही आठवण आहे. सुरुवातीच्या शतकांत ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची शेवटची तयारी याच दिवसांत होत असे. त्यामुळे नव्याने आलेल्या माणसाला हा काळ परका वाटायचं कारण नाही. खरं तर तो त्याच्यासाठीच घडत गेला.

तारीख दर वर्षी हलते, कारण ईस्टर चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. आपल्या पंचांगात ही पौर्णिमा बहुतेकदा होळीची नाहीतर हनुमान जयंतीची असते. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. २०२८ मध्ये १ मार्च आणि १६ एप्रिल. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मधल्या सगळ्या शुक्रवारांना गोल करा. कुणाचं लग्न, बारसं, ऑफिसचं जेवण त्या दिवशी येतंय का ते आत्ताच कळलेलं बरं.

शेजारी केरळचे सिरो-मलबार (पूर्वेकडच्या परंपरेचे कॅथलिक) कुटुंब असेल तर त्यांचा काळ दोन दिवस आधी, सोमवारी सुरू होतो. पुणे, अहिल्यानगर भागात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्याही लेंट पाळतात, काही प्रॉटेस्टंट मंडळ्या पाळत नाहीत. मी कॅथलिक आहे, म्हणून इथले नियम कॅथलिकांचे.

मंगळवारी रात्री वही घेऊन बसा

राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) सहावा अध्याय उघडा. त्यात येशू तीन गोष्टी लागोपाठ सांगतो: दान, प्रार्थना आणि उपास. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये हाच भाग वाचतात. वहीच्या पानावर तीन रकाने आखा आणि प्रत्येकात एकच ओळ लिहा. एकच. पाचव्या शतकात रावेन्नाचे बिशप असलेले संत पीटर क्रिसोलोगस शिकवत असत की हे तिन्ही एकमेकांच्या आधाराने जगतात, एक तोडलं की बाकीची दोनही सुकतात. म्हणून तिन्ही ओळी एका धाग्यात ओवता येतात का ते बघा.

उदाहरण देते. आमच्या वर्गातल्या एकाने लिहिलं होतं: ‘स्टेशनवरचा संध्याकाळचा वडापाव बंद. ते पैसे डब्यात. वडापावच्या रांगेतला वेळ गाडीत, आजचं शुभवर्तमान वाचायला.’ तीन ओळी, पण गोष्ट एकच. असं जमलं की लक्षात ठेवायलाही सोपं जातं, कारण भूक लागली की प्रार्थनेची वेळ आपोआप आठवते.

आणखी एक तपासून घ्या: तुमच्या उपासाची किंमत दुसरं कुणी मोजणार आहे का? माझ्या पहिल्या वर्षी मी चहा एका दिवसात बंद केला. तिसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकत होतं की भाजी निवडताना सासूबाईंनी काही साधंसं विचारलं आणि मी खेकसले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘उपास तू धरलास गं, पण झळ आम्हाला लागते.’ त्या बोलण्यातून मी जे शिकले ते आज वर्गात सगळ्यात आधी सांगते. चहा-कॉफी सोडायची असेल तर आधीच्या आठवड्यात कप कमी करत या. आणि तुमच्या घरातल्या एका माणसाला तरी विचारा की मी काय सोडलं तर तुला बरं वाटेल. उत्तर बहुधा चहा किंवा चॉकलेट नसतं. ‘जेवताना फोन बाजूला ठेव,’ असं असतं. ‘आईला टाकून बोलणं सोड,’ असंही असतं.

राखेचा बुधवार

राख कुठून येते हे अनेकांना ठाऊक नसतं. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक घरी नेतात आणि येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभरात त्या वाळून पिवळ्या पडतात. बुधवारच्या आधी त्या चर्चमध्ये आणून द्यायच्या. आमच्याकडे अंगणात पत्र्याच्या डब्यात त्या जाळतात. पातं भर्रकन पेटतं, पण मधली शीर बराच वेळ धुमसत राहते, म्हणून काडीने ढवळत बसावं लागतं. धुराने डोळे चुरचुरतात. राख निवली की चहाच्या गाळणीतून दोनदा गाळायची, नाहीतर कपाळाला खडे टोचतात. पोतंभर झावळ्यांची राख शेवटी एका वाटीत मावते.

या दिवशी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणं सक्तीचं नाही, तरी चुकवू नका. कामाला जाणाऱ्यांसाठी बहुतेक ठिकाणी पहाटेची आणि संध्याकाळची मिस्सा असते. योएल संदेष्ट्याचं वाचन होतं: कपडे फाडू नका, काळीज फाडा. मग रांगेत पुढे जायचं. फादर कपाळावर राखेने क्रूस काढतात आणि तू माती आहेस, मातीलाच मिळणार आहेस, याची आठवण देतात. किंवा पश्चात्ताप कर आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव, असं म्हणतात. राख घ्यायला बाप्तिस्मा झालेला असावा लागत नाही, कुणीही घेऊ शकतं. ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियनची भाकर, मात्र बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी. तुम्ही अजून तयारीत असाल तर त्या वेळी जागेवर बसून राहा, त्यात कसलाही कमीपणा नाही.

राख पुसावी की ठेवावी? दोन्ही चालतं. येशू त्याच दिवशीच्या वाचनात सांगतो की उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नकोस. मी विरार लोकलमध्येही राख ठेवते. डब्यात दर वर्षी एखादी मैत्रीण विचारते, ‘हे काय लागलंय?’ आणि तिला सांगताना मलाच नीट कळतं की मी काय धरलं आहे. मिरवल्यासारखं वाटत असेल तर पुसून टाका.

त्या दिवसापासून चर्च बदललेलं दिसेल. फादरांचा झगा जांभळा, वेदीवर फुलं नाहीत, ‘आलेलुया’ हा देवाच्या स्तुतीचा जयघोष ईस्टरच्या रात्रीपर्यंत बंद. ही उणीव डोळ्यांना आणि कानांना जाणवू द्या.

ताटात काय

नियम थोडा आणि स्पष्ट आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपास, आणि मांसही वर्ज्य. बाकीच्या शुक्रवारी मांस वर्ज्य. उपास १८ वर्षं पूर्ण झालेल्यांना, साठावं वर्ष लागेपर्यंत. मांस न खाण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून पुढे. पोप पॉल सहावे यांनी १९६६ साली हे नियम सैल केले. आधीच्या पिढ्यांचे उपास याहून कितीतरी कडक होते.

आता मराठी घरातून आलेल्यांचा एक गोंधळ. उपास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी येते. इथे उपासाचे असे वेगळे पदार्थ नाहीत. पदार्थ रोजचेच, प्रमाण कमी. दिवसातून एकदा पोटभर, आणि बाकी दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाएवढंही होऊ नये इतकं. पाणी हवं तेवढं प्या. मला सोपं पडतं ते असं: सकाळी अर्धी भाकरी, दुपारी वरण-भात-भाजी पोटभर, रात्री वाटीभर पेज आणि लोणच्याची फोड.

मासे मांसात धरत नाहीत, म्हणून शुक्रवारी मासे चालतात. पण आम्ही किनाऱ्यावरची माणसं. इथे मटण सोडून भरलेलं पापलेट ताटात घेतलं तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ तेच झालं. नियम मोडला नाही, पण पोटाला काही कळलंही नाही. माझा आग्रह असा की शुक्रवारचं ताट आपल्या घरातल्या सगळ्यात साध्या दिवसाचं असावं. पिठलं-भात करा. जो पैसा वाचेल तो डब्यात टाका. डब्याचं पुढे सांगते.

आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्या माणसांना उपासाची सक्ती नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका. तुमचा उपास दुसऱ्या कशाचा तरी होऊ शकतो. आमच्या वर्गातल्या एका आजींनी चाळीस दिवस कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्या म्हणाल्या की यापेक्षा उपाशी राहणं सोपं गेलं असतं.

एक बारीक गोष्ट. शुक्रवारी मोठा सण आला तर मांसाचा नियम त्या दिवसापुरता सुटतो. २०२७ मध्ये १९ मार्च, संत जोसेफ यांचा सण, शुक्रवारीच येतो आहे.

रोजची पंधरा मिनिटं

जागा ठरवा, वेळ ठरवा, दोन्ही बदलू नका. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे. पहाटे पाणी यायच्या आधीची वेळ माझी. तुमची गाडीतली खिडकीची सीट असेल.

लेंटच्या प्रत्येक दिवसाला शुभवर्तमानातला एक भाग नेमलेला असतो. तो एकदा वाचा. मग अगदी सावकाश, ओठ हलवत पुन्हा वाचा. जिथे मन अडकेल तिथे थांबा आणि तोच शब्द घेऊन देवाशी बोला, तुमच्या घरच्या बोलीत. सामवेदीत बोलता तर सामवेदीत, आगरीत बोलता तर आगरीत. शेवटी वहीत दोन ओळी. पंधरा मिनिटं संपली की उठा, लांबवू नका. उद्या परत यायचं आहे.

पहिल्या आठवड्यातल्या सोमवारी मत्तय २५ येतो: मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलं. दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी उधळ्या पुत्राचा दाखला. पहिल्या रविवारी दर वर्षी अरण्यातली परीक्षा आणि दुसऱ्या रविवारी डोंगरावरचं रूपांतर. बाप्तिस्मा घेणारे असतील तिथे पुढच्या तीन रविवारी शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजर यांच्या कथा वाचतात. या तिघांपैकी तुम्ही कोण आहात हा प्रश्न घेऊन ते तीन आठवडे काढले तरी वर्षभर पुरेल.

घरात म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर रात्री जेवणानंतर ख्रिस्तपुराणातल्या पाच-सहा ओव्या मोठ्याने वाचा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ते मराठी ओवीत रचलं आणि १६१६ मध्ये गोव्यात राचोलला ते छापलं गेलं. चारशे वर्षांपूर्वीची भाषा आहे, काही शब्द अडतात, पण ओवीची चाल कानाला लगेच ओळखीची वाटते. ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा भाग ईस्टरच्या आधीच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा.

शुक्रवारी क्रुसाची वाट

चर्चच्या दोन्ही भिंतींवर चौदा चित्रं किंवा छोटे क्रूस दिसतील. येशूला मरणदंड झाला तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंतचे हे चौदा टप्पे. चौदा हा आकडा १७३१ मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांच्या काळात पक्का झाला. लेंटच्या शुक्रवारी सगळे मिळून एकेका टप्प्यापाशी थांबतात: गुडघे टेकायचे, उठायचं, चिंतन ऐकायचं, प्रार्थना म्हणायची, गाणं म्हणत पुढे. अर्धा-पाऊण तास लागतो. शब्द पाठ नसतील तर शेजारच्याच्या पुस्तकात डोकवा, कुणी रागावत नाही. गुडघे दुखत असतील तर उभे राहा. गोव्यात गेलात तर लेंटमधल्या मिरवणुका बघा आणि मोतेत, म्हणजे दुःखसहनाची गाणी, ऐका. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोंय वेल्ह्याला संतांची मोठी मिरवणूक निघते.

पहिल्या वर्षी चौदाही टप्पे मनात धरायला जाऊ नका. एकच घ्या. मी नव्या माणसाला पाचवा देते. कुरेने गावचा शिमोन शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला धरलं आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. त्याने मागितला नव्हता. मार्क त्याच्या मुलांची नावंही सांगतो, अलेक्झांडर आणि रूफ. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, किंवा कुणाचं कर्ज तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर शिमोनापाशी थोडं जास्त थांबा.

पापनिवेदन

आपली पापं फादरांना सांगून देवाची क्षमा मागायची. याचीच सगळ्यात भीती वाटते, म्हणून नीट सांगते.

लेंटमध्ये बहुतेक धर्मग्रामांत एक संध्याकाळ पापनिवेदनासाठी ठेवतात आणि बाहेरचे फादर येतात. ओळखीच्या फादरांपुढे संकोच वाटत असेल तर ती संध्याकाळ गाठा. जायच्या आधी स्तोत्र ५१ वाचा आणि शांत बसून आठवा: देवाशी, घरच्यांशी, कामाच्या ठिकाणी, पैशांच्या बाबतीत, शरीराच्या बाबतीत मी कुठे चुकलो. हवं तर कागदावर लिहा, नंतर तो फाडून टाका.

आत गेल्यावर क्रुसाची खूण करा आणि शेवटचं पापनिवेदन किती दिवसांपूर्वी झालं ते सांगा. वीस वर्षं झाली असतील तर ‘वीस वर्षं झाली, फादर, मला पुढचं सांगा,’ एवढंच म्हणा, ते हात धरून पुढे नेतात. मग पापं सरळ सांगायची. सबब नको, सासूचं किंवा साहेबाचं गाऱ्हाणं नको, दुसऱ्याचं नाव नको. फादर काही बोलतील, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना किंवा कृती देतील. तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, येत नसेल तर आपल्या शब्दांत क्षमा मागायची. ते क्षमेचे शब्द उच्चारतात. ऐकलेलं त्यांनी कुणालाही, कोर्टातसुद्धा सांगायचं नाही, हा ख्रिस्तसभेचा कडक नियम आहे. अजून बाप्तिस्मा झाला नसेल तर हा संस्कार तुम्हाला घेता येत नाही, पण फादरांशी मोकळं बोलायला कुणाची आडकाठी नाही.

बाहेर आल्यावर रडू आलं तर येऊ द्या. मी पंधरा वर्षं लोकांना त्या दारातून बाहेर येताना बघते आहे.

डबा आणि बांध

बिस्किटांचा रिकामा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. जे सोडलं त्याचे पैसे त्याच दिवशी आत. ‘महिन्याच्या शेवटी एकदम टाकतो’ हे होत नाही. रोजचे ४० रुपये धरले तरी चाळीस दिवसांचे १,६०० होतात. ते कुणाचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि कागदावर लिहून डब्यात टाका: सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीची वह्या-पुस्तकं, डायलिसिसला जाणाऱ्या शेजाऱ्याचं रिक्षाभाडं. चर्चमधून कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेच्या लेंट मोहिमेसाठी पैसे गोळा होतात, तिथेही देता येतील. पण निदान थोडे तरी अशा माणसाला द्या ज्याचा चेहरा तुम्हाला ठाऊक आहे. आणि या हाताचं त्या हाताला कळू न देता द्या. फोटो काढू नका.

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशयाचा ५८ वा अध्याय वाचतात. देव विचारतो, तुमचा उपास कसला? भुकेल्याला आपल्यातली भाकर वाटून देणं, हा मला हवा तो उपास. त्याच्या पुढच्या शुक्रवारी येशूचे शब्द येतात: वेदीशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. आमच्या वसईत हे वाक्य थेट बांधावर येऊन पडतं. वाटणीत, विहिरीत, कुंपणात अडकलेली कितीतरी घरं आहेत.

आमचंही होतं. आमची आणि थोरल्या दिरांची विहीर एक. पंपाच्या बिलावरून काही बोलणं झालं आणि सहा वर्षं दोन घरं एकमेकांशी बोलली नाहीत. पाणी दोघंही भरायचो, वेळ बघून. एका लेंटमध्ये ते वाचन मलाच करायला लागलं, माइकवर. वाचताना माझा आवाज अडला. घरी आले तर जाऊबाई विहिरीच्या कट्ट्यावर कपडे पिळत होत्या. नेहमीप्रमाणे त्या जाईपर्यंत थांबले नाही, हंडा घेऊन गेले. काय बोलावं सुचेना. म्हटलं, ‘वहिनी, पाणी खाली गेलंय ना यंदा?’ त्यांनी वर बघितलं नाही. पिळलेली चादर झटकली, तिचं दुसरं टोक हवेत तसंच राहिलं. मी ते धरलं. दोघींनी मिळून ती चादर पुन्हा पिळली आणि दोरीवर टाकली. ‘तीन हात गेलंय,’ त्या म्हणाल्या. त्या लेंटमध्ये एवढंच झालं. बिलाचं बोलणं पुढच्या पावसाळ्यात मिटलं.

म्हणून दानाच्या रकान्यात पैशांशेजारी एक नाव लिहा. फोन करा, किंवा नुसतं पाणी खाली गेल्याचं बोला. समोरच्याने उत्तर दिलंच पाहिजे अशी अट घालू नका. आणि जिथे मारहाण किंवा छळ झाला आहे तिथे एकट्याने दार ठोठवायला जाऊ नका. आधी फादरांशी, विश्वासाच्या माणसाशी बोला. क्षमा करायची म्हणजे पुन्हा मार खायला जायचं असं नाही.

मध्येच मोडलं तर

मोडतंच. बहुतेकांचं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. त्या रात्री वहीत तारीख लिहा, ‘मोडलं’ लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू करा. भरपाई म्हणून दुप्पट उपास धरू नका. नवस मोडला, आता देव कोपेल, ही भीती मनात असेल तर ती काढा. हा देवाशी केलेला सौदा नाही. रविवारी आपलं सोडलेलं खावं का? चालतं. मी रविवारी चहा घेते, पण एकटीने नाही, कुणाला तरी बोलावून. चौथ्या रविवारी फादर गुलाबी झगा घालतात; तो अर्ध्या वाटेवरचा आनंदाचा रविवार, तेव्हा वही उघडून तीन ओळी पुन्हा वाचा. जी ओळ झेपत नाही ती लहान करा.

पवित्र सप्ताह

झावळ्यांच्या रविवारपासून कामाची बाकी गर्दी दूर ठेवा. तीन दिवस तर मोकळेच ठेवा, ऑफिसात आत्ताच सांगून.

गुरुवारी संध्याकाळी प्रभूच्या भोजनाची मिस्सा, त्यात फादर बारा जणांचे पाय धुतात. नंतर वेदीवरची कापडं काढून ती उघडी करतात आणि लोक रात्री उशिरापर्यंत जागत बसतात. तासभर तरी बसा. शुक्रवारी मिस्सा नसते. दुपारी तीनच्या सुमाराला विधी, लांबलचक वाचन, मग एकेकाने क्रुसाचं चुंबन. उन्हाचे दिवस, गर्दी, त्यात उपास, म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवा. गोव्यात या दिवसांत घंटा वाजत नाही, लाकडी मात्राक वाजवतात. शनिवारी दिवसभर काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’मध्ये घर आवरत बसू नका, थोडं नुसतं बसा. संध्याकाळच्या आत डबा फोडून पैसे पोचते करा.

शनिवारी रात्रीच्या विधीला अर्धा तास आधी पोचा, कारण दिवे बंद असतात आणि जागा सापडत नाही. बाहेर अग्नी पेटवतात, मोठ्या पास्का (ईस्टरच्या) मेणबत्तीवर त्या वर्षाचे चार आकडे कोरतात, आणि तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत जातात. हातात मेण गळतं, रुमाल गुंडाळून धरा. लहान मुलांचे केस सांभाळा. जुन्या करारातली वाचनं लांब आहेत, झोप आली तर उभे राहा. मग आलेलुया येतो, चाळीस दिवसांनी.

त्यानंतर फादर सगळ्यांना बाप्तिस्म्याची वचनं विचारतात. सैतानाचा त्याग करता का, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का. गर्दी बहुधा पुटपुटते. तुम्ही मोठ्याने उत्तर द्या, आणि पाणी शिंपडत फादर तुमच्या रांगेपाशी येतील तेव्हा चेहरा पुढे करा.